सगळ्यांचा चित्रकला वर्ग: आधी बैठक, मग ब्रश

आसपासच्या शाळांतले ड्रॉइंग टीचर फोन करतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो: "वर्गात एक दिव्यांग मूल आलंय, त्याला कसलं चित्र देऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. चित्राचं नंतर बघू, ते बसतं कुठे आणि कसं ते आधी सांगा. बैठक, हातातलं साहित्य, वेळ आणि शेवटी विषय, या क्रमाने विचार केला की निम्मी अडचण तिथेच सुटते. उलट्या क्रमाने गेलात की मुलाच्या पुढ्यात छापील गणपती येतो, तो रंगवून घ्यायला कोणीतरी त्याचा हात धरतं आणि पालकसभेत टाळ्या पडतात. चित्र मात्र त्या मुलाचं नसतंच.

माझा वर्ग गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात, देवस्थानाच्या सभागृहात, शनिवारी दुपारी भरतो. गावातली इतर मुलं आणि दिव्यांग मुलं एकत्रच बसतात. बारा-चौदाच्या वर मी मुलं घेत नाही, आणि माझ्याखेरीज आणखी एक मोठं माणूस लागतंच. वर्गाची वेळ ठरवताना आधी बसचं वेळापत्रक बघा. गर्दीच्या बसमध्ये व्हीलचेअर चढत नाही. दुपारची रिकामी बस मिळाली तर मूल येतं, नाहीतर आईची कितीही इच्छा असली तरी घरीच राहतं.

शाळेत हा वर्ग चालवणाऱ्यांनी एक कायदा माहीत करून घ्यावा, कारण मुख्याध्यापकांशी बोलताना तो कामाला येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी सर्वसमावेशक शिक्षण द्यावं, असं त्याचं १६ वं कलम सांगतं, आणि २९ व्या कलमात कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पीटी आणि ड्रॉइंगच्या तासाला या मुलाला वाचनालयात बसवून ठेवणं ही सोय होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांसाठीचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर बोलणं वाढलंय हे खरं. वर्गातलं टेबल मात्र बोलण्याने सरकत नाही, ते आपणच सरकवायचं.

प्रवेशाच्या वेळी मी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बघते आणि बाजूला ठेवते. त्यावरचा टक्का सवलतींसाठी असतो. ब्रश कुठल्या बोटांत धरला जाईल हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी आईला, नाहीतर आजीला समोर बसवून विचारते: फिट येते का, आली तर घरी काय करता? कशाचा आवाज सहन होत नाही? वस्तू तोंडात घालतो का? बाथरूमला जायचं असेल तर कसं सांगतो? आणि घरी वेळ मिळाला की हाताने काय करत बसतो? हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. एका मुलाची आई म्हणाली, "कांय करिना टीचर, दीसभर कागद पिंजता." कागद फाडणं हेच त्याचं माध्यम आहे हे मला पहिल्या भेटीतच कळलं. आज त्याची फाडलेल्या कागदांची चित्रं वर्गात सगळ्यांत धीट असतात.

बैठक

पाय लोंबकळत असले तर हात स्थिर राहत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलाला खुर्चीत बसवलं की पहिल्यांदा पायांखाली बघा. तळवे टेकत नसतील तर खाली पाट किंवा जुन्या वर्तमानपत्रांचा घट्ट बांधलेला गठ्ठा द्या. मग कंबर मागे टेकवा, बाजूला उशी लागली तर लावा. एवढं झालं की जो हात मघाशी हवेत भिरभिरत होता तो बराच खाली येतो. व्हीलचेअरचे हात टेबलाला आपटतात, मूल कागदापासून हातभर लांब राहतं, आणि आपण म्हणतो त्याला रस नाही. टेबलाच्या चार पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून ते उंच करा आणि हलत नाही ना हे स्वतः दाबून बघा.

सभागृहाला दोन पायऱ्या असतील तर रॅम्प हवा, आणि रॅम्पचं माप एकास बारा. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. फळी टाकून केलेला उभा उतार बघितला की मला धडकीच भरते. रॅम्प होईपर्यंत वर्ग बाहेरच्या सोप्यावर किंवा मांडवात भरवा, पण एका मुलाला चौघांनी उचलून आत नेणं दर आठवड्याचा रिवाज होऊ देऊ नका.

कमी दिसणाऱ्या मुलाची पाठ खिडकीकडे असावी, तोंड नव्हे. गुळगुळीत चकचकीत कागद त्याच्या डोळ्यांवर चमकतो, म्हणून खरखरीत कागद द्या आणि पेन्सिलीऐवजी जाड काळा मार्कर. काळ्या कागदावर पिवळा किंवा पांढरा पेस्टल तर उत्तमच. कर्णबधिर मुलाला मात्र माझा चेहरा उजेडात दिसला पाहिजे, म्हणजे खिडकी माझ्या समोर हवी. दोघांच्या जागा एकदम जमवताना थोडी कसरत होते. बाके अर्धगोल मांडली की जमतं.

हातातलं साहित्य

इथे जरा जास्त वेळ थांबते, कारण पैसा आणि डोकं दोन्ही इथेच लावायचं असतं.

पहिलं ब्रशचं. बारीक दांडी ज्याच्या मुठीत राहत नाही त्याच्यासाठी एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी आणा. एसी बसवणाऱ्याकडे तुकडे फुकट पडलेले असतात. चार बोटं लांबीचा तुकडा कापायचा, ब्रशच्या दांडीवर कापडी पट्टी गुंडाळून जाडी वाढवायची आणि ती नळीत घट्ट सरकवायची. सायकलच्या हँडलची रबरी मूठही चालते. थरथरणाऱ्या हाताला कधी कधी थोडा जड ब्रश मानवतो, तर स्नायू अशक्त असलेल्या मुलाला हलकाच हवा. अशा मुलाला मेणखडू देऊ नका. मेणखडू दाबावा लागतो, त्यात तो दहा मिनिटांत थकतो. स्केचपेन, शाई, पातळ रंग, यांना जोर लागत नाही. कागदाचे चारही कोपरे मास्किंग टेपने टेबलाला चिकटवा. पाण्याला उंच ग्लास नको, बुटकी रुंद भांडी घ्या आणि त्यांच्याखाली ओला फडका अंथरा, म्हणजे घसरत नाहीत.

दुसरं, न दिसणाऱ्या मुलांसाठी जाळीची पाटी. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीला डासांसाठी लावायची प्लॅस्टिकची जाळी मिळते. तारेची घेऊ नका, कडा टोचतात. परीक्षेला नेतात त्या पॅडच्या मापाची जाळी कापून त्या पॅडवर ताणून बसवायची आणि चारही कडांना कापडी टेप दुमडून मारायची. वर पातळ कागद, क्लिपने घट्ट. आता मेणखडूने जरा दाबून रेघ ओढा. जाळीच्या छिद्रांमुळे मेण दाण्यादाण्याने कागदावर बसतं आणि रेघ बोटाला खरखरीत लागते. आपण काढलेली रेघ कुठे सुरू झाली, कुठे वळली, बंद झाली की उघडी राहिली, हे मुलीला स्वतःच्याच बोटाने तपासता येतं. कोणाला विचारावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीने पहिल्यांदा या पाटीवर गोल काढला, सुरुवातीच्या टोकावर डाव्या हाताचं बोट ठेवून. उजव्या हातातला खडू फिरत फिरत त्या बोटाला येऊन टेकला तेव्हा तिने मला बोलावलं नाही, लगेच दुसरा गोल सुरू केला. तेव्हापासून डोळस मुलंही ती पाटी मागतात, त्यामुळे दोन-तीन जास्तीच्या करून ठेवा.

आराखडा द्यायचाच असेल तर फेविकॉलच्या बाटलीने रेघ घालून रात्रभर वाळवा. उंचवटा चांगला येतो. सुतळी चिकटवली तरी चालते. रंगांच्या बाटल्या ताटात नेहमी एकाच क्रमाने ठेवा आणि झाकणांना रबरबँड लावा: लाल एक, पिवळा दोन, निळा तीन. लाल रंगात थोडी चाळलेली रेती कालवली तर तो वाळल्यावरही हाताला वेगळा कळतो.

कात्रीचा हट्ट नको. स्प्रिंगची कात्री मिळाली तर ठीक, नाहीतर फाडायला द्या. ज्यांना हे कमी प्रतीचं काम वाटतं त्यांना मी बिनोद बिहारी मुखर्जींचं नाव सांगते. शांतिनिकेतनच्या या चित्रकाराची दृष्टी जन्मापासूनच अधू होती, आणि १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले, आणि पुढे कलाभवनात टाइल्सचं मोठं भित्तिचित्रही.

जी मुलं सगळं तोंडात घालतात त्यांच्यासाठी हळद, बीट, कोकम आगळ यांचेच रंग, आणि मातीऐवजी मैदा-मिठाचा गोळा. मिठाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तोही खाऊ द्यायचा नाही, लक्ष हवंच. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मणक्यात जन्मजात दोष असलेल्या, म्हणजे स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी नेहमीपेक्षा बरीच जास्त आढळते. दिवाळीआधी नरकासुराच्या पुतळ्याचं तोंड करायला आपण फुग्यावर कागद चिकटवतो, तिथे सावध राहा. असं मूल वर्गात असेल तर वर्गात फुगाच नको, रबरी हातमोजेही नकोत. उपडं घमेलं किंवा नारळाची करवंटी घेऊन त्यावर कागदाचे थर द्या. नरकासुराला काही फरक पडत नाही.

विषय एकच, वाटा वेगळ्या

दिव्यांग मुलांना एक विषय आणि बाकीच्यांना दुसरा, असं मी करत नाही. विषय असा निवडायचा की त्यात शिरायला अनेक दारं असतील. चतुर्थीच्या दिवसांत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेली चौकट, हा असा विषय आहे. सुपारीचा घड, तोरिंग, निरफणस, चिबूड, नारळ, आंब्याचे टाळे आणून टेबलावर मांडते. प्रत्येक मूल आधी हाताळतं, हुंगतं. मग कोणी रंगवतं, कोणी जाळीच्या पाटीवर काढतं, कोणी चिकणमातीत निरफणसाची खरखरीत साल उठवतं, कोणी पान रंगात बुडवून ठसे मारतं. ज्याला एकच फळ जमतं तो एकच करतो, आणि शेवटी आम्ही सगळी फळं एका दोरीच्या चौकटीला टांगतो. माटोळीतलं कवंडळ हे रानफळ दिसायला देखणं, पण ते विषारी म्हणतात, तेव्हा तोंडात घालणाऱ्या मुलांच्या टेबलावर नको.

दुसरा माझा आवडता विषय कावी. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो खरवडून नक्षी काढलेली असते, तीच. वर्गात खरा चुना आणू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. जाड पांढऱ्या कार्डावर पांढरा मेणखडू भरपूर घासायचा. वरून तांबडा पोस्टर कलर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर रंग मेणावर धरत नाही. वाळला की खरवडायचं. बारीक पकड असलेल्याला काडेपेटीची काडी, मूठ वळणाऱ्याला जुना कंगवा किंवा काटा. कंगव्याच्या एका फटक्यात आठ-दहा समांतर रेघा येतात. ज्या मुलाच्या हाताला झटके येतात त्याच्या कार्डावर या रेघा अशा काही उमटतात की बाकीची मुलं काड्या टाकून कंगवा शोधायला लागतात. न दिसणाऱ्या मुलीला मातीची सपाट थापी द्या, त्यावर खोदलेली नक्षी बोटाला लागते.

बोलणं, थांबणं, हात न धरणं

कर्णबधिर मूल एकाच वेळी माझे ओठ आणि माझा ब्रश बघू शकत नाही. म्हणून करून दाखवताना गप्प राहायचं, ब्रश खाली ठेवायचा, चेहरा वर करायचा आणि मग बोलायचं किंवा खुणेने सांगायचं. फळ्याकडे तोंड करून सूचना देण्याची शिक्षकी सवय सोडावी लागते. रंग, साहित्य, थांब, पुन्हा, संपलं, एवढ्या खुणा तरी सगळ्या वर्गाला शिकवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा शब्दकोश मोफत बघता येतो. मुलं या खुणा आपल्यापेक्षा लवकर उचलतात, आणि मग त्यांचा उपयोग खोड्या काढायलाही करतात, तो करू द्यावा.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी वर्गाचा क्रम चित्रांतून भिंतीवर लावा: चप्पल काढणं, बसणं, रंग, हात धुणं, घरी जाणं. प्रत्येक काम झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं. थांबायची वेळ झाली की एकदम "चला, आवरा" नको. दहा मिनिटं आधी, मग पाच मिनिटं आधी सांगा. माशेल गावच्या चिखलकाल्यात, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवात, माणसं आनंदाने लोळतात, पण त्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या मुलाला ओल्या मातीला नुसतं बोट लावणंही सहन होत नाही. जबरदस्ती करू नका. माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून दाबू द्या, किंवा लाटणं द्या. सभागृहाचा पंखा करकरत असेल तर तो मूल यायच्या आधी बंद करा. एका कोपऱ्यात पडदा लावून चटई टाका. तिथे जाणं म्हणजे शिक्षा नाही, हे सगळ्यांना माहीत हवं.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला एका वेळी एकच सूचना. मी कधी कधी उलट्या टोकाने सुरुवात करते: ठशाचं सगळं काम तयार करून द्यायचं आणि शेवटचा ठसा त्याने मारायचा. पुढच्या वेळी शेवटचे दोन. काम पूर्ण करण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मिळतो.

आता आयांबद्दल. रागावू नका, पण वर्गातली सगळ्यांत मोठी अडचण बाजूला बसलेली आई असते. मुलाची रेघ बाहेर गेली की तिचा हात आपोआप पुढे येतो. "ताका जमना, टीचर." मी तिच्यासमोर वेगळा कागद ठेवते आणि सांगते, "बाये, हें तुजें." बऱ्याच आया शाळा सुटल्यापासून ब्रशला शिवलेल्या नसतात, एकदा रंगात शिरल्या की मुलाला विसरतात. मदतनिसांसाठीही नियम एकच. मुलाचा हात वरून धरायचा नाही. दाखवायचंच असेल तर आपला हात खाली आणि मुलाचा हात आपल्या हातावर, म्हणजे त्याला नको वाटलं की तो उचलू शकतो. आणि आधी विचारायचं. पणजीतल्या आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात शिकणारी मुलं मदतीला मिळाली तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण सुंदर चित्राचा मोह त्यांनाच जास्त असतो.

पाऊस

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद पापडासारखा मऊ पडतो. पोस्टर कलर वाळत नाही, चित्रं एकमेकांना चिकटतात, मातीच्या वस्तूंना बुरशी धरते. या महिन्यांत जाड कार्ड, ऑइल पेस्टल, कापड आणि कोलाज एवढंच ठेवा, ओल्या रंगाचं काम ऑक्टोबरनंतर. दारात दोन गोणपाटं टाका आणि कुबड्यांची खालची रबरं दर वेळी पुसून घ्या. ओल्या लादीवर ती सटकतात. ऐन पावसात वीज गेली तर कर्णबधिर मुलांशी संवादच तुटतो, म्हणून चार्ज केलेला दिवा हाताशी असू द्या.

गुण आणि प्रदर्शन

शाळेत गुण द्यावेच लागतात. सगळ्यांना एकाच नमुन्याशी ताडून बघण्यापेक्षा त्या मुलाचंच मागचं आणि आताचं काम शेजारी ठेवा: साहित्य स्वतः निवडलं का, जास्त वेळ टिकला का, रेघेत नवीन काही आलं का. त्यासाठी प्रत्येक चित्रामागे तारीख आणि कोणी किती मदत केली ते लिहायची सवय लावा. दयेने दिलेले पैकीच्या पैकी गुण मुलांना लगेच ओळखू येतात. काम ढिसाळ असेल तर ढिसाळ म्हणा, मग ते कोणाचंही असो.

प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण चार फुटांवर येईल असं लावा, म्हणजे व्हीलचेअरवरून मान न ताणता दिसतं. हाताने बघायच्या कलाकृती काचेत घालू नका. त्या टेबलावर ठेवा, बाजूला हात पुसायला फडका. नावाच्या पट्ट्या मोठ्या अक्षरांत, आणि शक्य झालं तर ब्रेलमध्येही. पट्टीवर नाव, वय, माध्यम एवढंच. आजाराचं नाव नको. पाहुण्यांनी भाषणात "देवाची मुलं" वगैरे सुरू करू नये म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा, मी तर लेखी कळवते. चित्र विकलं गेलं तर पैसे मुलाच्या खात्यात जमा करायचे आणि पावती त्याच्या हातात द्यायची. चित्र विकायचं की नाही हेही त्यालाच विचारायचं. कंगव्याची कावी करणाऱ्या मुलाकडे एका पर्यटकाने चित्र मागितलं तेव्हा त्याने मान हलवून नाही म्हटलं, आणि त्याचे वडील कितीही समजावत होते तरी आम्ही ते भिंतीवरून काढून त्याच्या पिशवीत घातलं.